सोडले ते कुणाच्या वाट्याला गेले?

जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीची टेकडी आहे. तिच्या पोटात सात जैन गुहा आहेत. दारे ठेंगणी असल्याने आत शिरताना वाकावे लागते, आणि मान वर केली की समोर अंगावर येणारी भव्य मूर्ती. बहुतेक यात्रेकरू पार्श्वनाथांपाशी रेंगाळतात, कारण ती अवजड मूर्ती एका लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली आहे. दगडाचे हे नवल परभणी जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक असते. दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. नेमगिरीवर ज्यांची पूजा होते त्यांत गरिबाघरचा कुणी नाही. शांतिनाथ हस्तिनापूरचे चक्रवर्ती, पार्श्वनाथ काशीचे राजपुत्र. नेमिनाथ यादवकुळातले, श्रीकृष्णाचे चुलतभाऊ. बाहुबली ऋषभदेवांचे पुत्र आणि पोदनपूरचे राजे.

ऐन उमेदीत वैभवाकडे पाठ फिरवणाऱ्यांच्या कथा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. त्या सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी वैभवाची यादी येते: हत्ती किती, घोडे किती, महाल किती मजली. मग एखादा प्रसंग घडतो, मन विटते आणि तरुण निघून जातो. निरोपानंतर ते हत्ती कुणाच्या दारी झुलले, गादीवर कोण बसले, चुलीपाशी कोण उरले, हे विचारण्याची चाल नाही. तसे विचारणे कोतेपणाचे वाटते. या विषयाची ओळख करून देताना तोच प्रश्न पुढे ठेवला आहे. विरक्ती खरी की खोटी हे बाहेरच्याने ठरवू नये, पण संपत्ती कुठे तरी जातेच, आणि ती कुठे गेली हे पाहता येते.

नेमिनाथांचेच घ्या. वरात निघाली आहे, उग्रसेनाची कन्या राजीमती, म्हणजे राजुल, नवरी म्हणून उभी आहे. वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानी पडतो. ही जनावरे लग्नाच्या जेवणावळीसाठी आणली आहेत असे कळताच नवरदेव रथ वळवतो आणि गिरनार गाठतो. प्रवचनात कथा बहुधा इथेच थांबते. गुणभद्रांच्या उत्तरपुराणात मात्र तिच्या पोटात एक राजकारण आहे. नेमींचे बळ पाहून कृष्णाला आपल्या राज्याची धास्ती वाटते आणि ही जनावरे त्याच्याच योजनेने वाटेवर कोंडली जातात. नेमी करुणेने निघाले यात शंका नाही, पण त्यांच्या जाण्याने एका वारसदाराची अडचण दूर झाली हेही त्याच ग्रंथाने लपवलेले नाही. हजार वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथाने हे इतक्या मोकळेपणाने लिहावे, याचे कौतुक वाटते.

राजुलही गप्प बसत नाही. ती मागोमाग दीक्षा घेते. उत्तराध्ययन सूत्राच्या बाविसाव्या अध्ययनात तिचा एक प्रसंग आहे. पावसात भिजलेली राजुल एका गुहेत शिरते, तिथे नेमींचा भाऊ रथनेमी ध्यानाला बसलेला असतो आणि तिला पाहून त्याचा तोल जातो. ती त्याला असे काही सुनावते की तो भानावर येतो. मांडवात सोडलेली मुलगी इथे साध्वीच्या अधिकाराने बोलते.

मराठवाड्याला मांडवातून पळालेला दुसरा नवरदेव अधिक ओळखीचा आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबचा बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ ऐकून निघाला तो पुढे समर्थ रामदास झाला. त्याच्या घरी राजवैभव नव्हते, कुळकर्णीपण होते. परंतु त्या दिवशी अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे नाव सांगणारा माणूस जांबच्या पंचक्रोशीतही सहज भेटायचा नाही. राजुलवर जैन कवींनी शतकानुशतके गीते रचली, हिच्यावर कुणी नाही.

बाहुबलींची कथा आणखी वेगळी. भाऊ भरत चक्रवर्ती व्हायला निघालेला, बाहुबली नमायला तयार नाहीत. सैन्ये मरू नयेत म्हणून दोघेच लढतात: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. बाहुबली जिंकतात आणि जिंकलेले सगळे हरलेल्या भावाला देऊन वनात जातात. त्यांचे पोदनपूर म्हणजे तेलंगणातले आजचे बोधन, असे काही अभ्यासक मानतात. नांदेडच्या पलीकडे थोडे गेले की बोधन येते. तसे असेल तर श्रवणबेळगोळच्या त्या प्रचंड मूर्तीचा नायक परभणीकरांचा जवळचाच शेजारी ठरतो.

पुराणे बाजूला ठेवून कागदावर, खरे तर तांब्यावर, येऊ. परभणीला सापडलेला एक ताम्रपट शके ८८८ मधला, म्हणजे इसवी सन ९६६ मधला आहे. वेमुलवाडच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या अरिकेसरीने तो दिला. आपल्या वडिलांनी, म्हणजे बद्देगाने, लेंबुळपाटक येथे बांधलेल्या शुभधाम जिनालयाच्या डागडुजीसाठी आणि पूजाअर्चेसाठी त्याने एक आख्खे गाव सोमदेवसूरी या जैन आचार्यांच्या हवाली केले. दिगंबर मुनीला अंगावर वस्त्रही चालत नाही. जवळ मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू, दिवसातून एकदा उभ्याने ओंजळीत घेतलेला आहार, एवढाच त्याचा प्रपंच. आणि अशा परंपरेतल्या आचार्याच्या नावाने गाव! यात ढोंग शोधायचे कारण नाही, दान मंदिराला होते. पण अपरिग्रही माणसाभोवती संपत्ती गोळा होते ती त्याच्या अपरिग्रहामुळेच. ज्याला स्वतःसाठी काही नको, त्याच्या हाती राजा निर्धास्तपणे महसूल सोपवतो.

सोमदेव या व्यवहारात भाबडे नव्हते. त्यांचा ‘नीतिवाक्यामृत’ हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्याच्या आरंभी धर्म, अर्थ आणि काम ही फळे देणाऱ्या राज्याला वंदन आहे. कोश, मंत्री, दूत, दुर्ग यांवर एका संन्याशाने इतके व्यवहारी लिहावे याचे अभ्यासकांना नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. त्यांचे दुसरे मोठे काम ‘यशस्तिलक’. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण राज्य करीत असताना, ९५९ मध्ये, ते पूर्ण झाले. त्यात मारिदत्त राजा देवीपुढे नरबळी द्यायला निघतो आणि त्याचे लोक दोन कोवळ्या साधकांना पकडून आणतात. हे बहीणभाऊ, अभयमती आणि अभयरुची, दुसऱ्या एका राजाची मुले असतात. वैभव सोडून आलेली ही दोन पोरे तलवारीसमोर उभी राहून आपल्या मागच्या जन्मांची हकीकत सांगतात आणि सगळा ग्रंथ त्यातून उलगडतो. मुलांच्या दीक्षेचा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. सोमदेवांच्या काव्यात तो हजार वर्षांपूर्वीच आला आहे, फक्त तिथे प्रश्न म्हणून नव्हे, गौरव म्हणून.

तेराव्या शतकात गोदावरीचा हा प्रदेश यादवांच्या ताब्यात होता. त्या काळी एक गुजराती प्रधानपुत्र महाराष्ट्रात आला आणि इथलाच होऊन गेला. भडोचच्या विशाळदेव प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव, पुढचे चक्रधरस्वामी. लीळाचरित्रातला हा तरुण कुणी गंभीर, उदास राजपुत्र नाही. तो जुगारी आहे. डावात हरतो, पैसे फेडायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतो, ती देत नाही. या खटक्यानंतर तो रामटेकच्या यात्रेला निघतो. वडील नाखुशीने पाठवतात. पुढे वाटेवर ऋद्धिपूरला श्रीगोविंदप्रभू भेटतात आणि घर सुटते. एका पंथाने आपल्या ईश्वरावताराची गोष्ट सांगताना जुगाराची उधारी गाळली नाही, यावरून लीळाचरित्रकार म्हाइंभटांच्या सचोटीची कल्पना येते. आणि कमळाइसेचा नकार? कथेत तो निमित्तापुरता येतो. तरी नवरा जुगारात उधळत असताना आपले स्त्रीधन घट्ट धरून ठेवणाऱ्या त्या बाईचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

चक्रधरांनी शिष्यांना घालून दिलेला नियम मात्र या जुगाऱ्याच्या अनुभवातून आल्यासारखा वाटतो. आपला देश सोडा, आपले गाव सोडा, आणि नातलगांशी असलेला संबंध तर विशेष करून सोडा. पैसा सोडणे त्यांना पुरेसे वाटले नाही. पैशाकडे परत नेणारी वाट नात्यातून जाते, हे त्यांना पक्के माहीत होते.

देहूच्या वाण्याची गोष्ट वेगळ्या कारणाने महत्त्वाची. तुकोबांच्या घराण्यात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. १६३०–३१ च्या दुष्काळात दिवाळे निघाले, पहिली बायको रखुमाबाई आणि मुलगा संतू गेले. तुकोबा तेव्हा विशीत होते. पुढे घरातली कर्जखते इंद्रायणीत बुडवायचे त्यांनी ठरवले. संतचरित्रकार महिपतींनी ही हकीकत सांगितली आहे, आणि तिच्यातला धाकटा भाऊ कान्होबा मोठा खरा वाटतो. तू साधू झालास, मला संसार आहे, असे म्हणून तो आपला वाटा मागतो. कागद निम्मे निम्मे होतात. कान्होबाचा वाटा घरात राहतो, तुकोबांचा डोहात जातो.

इथे नेमके काय सोडले गेले ते पाहायला हवे. रोकड आधीच गेली होती. उरला होता तो इतरांकडून येणे असलेला पैसा, म्हणजे दुसऱ्याच्या मानगुटीवरचा हक्क. बाहुबलींनी सोडले ते भावाला मिळाले, नेमींनी सोडले ते कृष्णाकडे राहिले. तुकोबांनी सोडले ते देहूच्या आसपासच्या, दुष्काळाने मोडलेल्या ऋणकोंना मिळाले. धनको स्वतःहून कागद बुडवतो ही घटना सावकारी पाशाचा अनुभव असलेल्या परभणीच्या शेतकऱ्याला राजवाड्यातल्या वैराग्यापेक्षा लवकर कळते. घरात दुसरी बायको जिजाबाई होती, मुले होती. तिची चिडचिड कीर्तनात विनोदासाठी वापरली जाते. उपाशी लेकरांच्या आईची चिडचिड विनोदी का वाटावी, हे कीर्तनकारांनी एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही.

मराठवाड्याच्या घराघरात सांगितली जाणारी सर्वांत मोठी त्यागकथा अर्थातच सिद्धार्थाची. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाला सोडून गेला, हे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या सुरुवातीलाच पहिला सवाल परिव्रज्येचा आहे: एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे मानायचे?

त्याऐवजी बाबासाहेबांनी जी मांडणी केली ती या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. सिद्धार्थ विसाव्या वर्षी शाक्य संघाचा सभासद होतो. सभासदत्वाच्या आठव्या वर्षी शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटतो. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो आणि दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींकडून निवाडा करून घ्यावा असे सुचवतो. बहुमत युद्धाच्या बाजूने जाते. सैन्यात भरती व्हायला तो नकार देतो, तेव्हा संघाच्या हाती एक शस्त्र उरते: कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. सिद्धार्थ म्हणतो, अपराध माझा आहे, घरच्यांना उपाशी मारू नका. कोसलच्या राजाला संशय येऊ नये आणि घरची शेती वाचावी म्हणून तो स्वतःच परिव्राजक व्हायचे सुचवतो. मग तो घरी येतो, यशोधरेशी बोलतो. ती मूर्च्छित पडत नाही. तुमच्या जागी मी असते तर हेच केले असते, अशा अर्थाचे बोलून ती राहुलची आणि वडीलधाऱ्यांची जबाबदारी घेते.

या कथेत संपत्ती पापी नाही. ती कुटुंबाच्या पोटापाण्याची आहे आणि ती वाचावी म्हणूनच एक माणूस तिच्यावरचा आपला हक्क सोडतो. निरोप चोरून घेतलेला नाही, मागे राहणारीची संमती आहे. पुढे युद्ध टळल्याची बातमी राजगृहात त्याच्या कानी येते, परतीची वाट मोकळी होते, तरी तो परतत नाही, कारण भांडणाचे मूळ त्याला आता शाक्य-कोलियांपुरते दिसत नाही. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही, यावरून नगर-नाशिक आणि मराठवाड्यात दर दुष्काळात काय वातावरण तापते हे ज्याने पाहिले आहे, त्याला रोहिणीचा तंटा दंतकथा वाटणार नाही. इतिहास म्हणून या मांडणीवर वाद घालता येईल, अभ्यासकांनी घातलाही आहे. पण त्यागकथेत वारस, जमीन आणि बायकोचे मत या तिन्हींना जागा देणारी मांडणी सहसा आढळत नाही.

इथवर आलेली सगळी माणसे काही ना काही असलेली. परभणी जिल्ह्याची सर्वांत मोठी संत या यादीत बसत नाही. गोदाकाठच्या गंगाखेडच्या दमा आणि करुंड यांची मुलगी जनाबाई लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा, सगळे तिच्याकडे. तिने काय सोडावे? तिचे कष्टसुद्धा धन्याच्या मालकीचे. नामदेवांचे घरात लक्ष नाही, धंद्याकडे पाठ आहे, म्हणून आई गोणाई आणि बायको राजाई कातावलेल्या असत, ते त्यांच्या नावावरच्या अभंगांत आजही वाचता येते. अशा घरात जाते ओढणारी कुणी तरी असावीच लागते. वैराग्याची व्याख्या संपत्तीच्या त्यागावर बेतली की जनाबाई तिच्याबाहेर राहते. वारकऱ्यांनी तिला बाहेर ठेवले नाही, ही त्यांची मोठीच समज.

आता आजच्याकडे. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड ही मोंढ्याची गावे. सरकीचे, कापसाचे, धान्याचे व्यापारी, त्यांत जैन घरे बरीच. श्वेतांबर समाजात तरुण मुलगा किंवा मुलगी दीक्षा घेणार असली की पत्रिका निघते, वरघोडा निघतो, दीक्षार्थी रथातून दोन्ही हातांनी पैसे, कपडे उधळतो. या वर्षीदानाला आधार महावीरांचा आहे. दीक्षेआधी वर्षभर त्यांनी तीनशे अठ्ठ्याऐंशी कोटी ऐंशी लाख सुवर्णमुद्रा वाटल्या असे श्वेतांबर परंपरा सांगते. मूर्तिपूजक श्वेतांबरांत दीक्षार्थीला उपकरणे अर्पण करण्याच्या मानासाठी बोली लागते आणि तो पैसा धर्मकार्याला जातो. ज्याने संपत्ती सोडली त्याच्या निमित्ताने नवी संपत्ती उभी राहते. सोमदेवांच्या ताम्रपटापासून ही रीत बदललेली नाही, आणि सगळीच वाईट आहे असेही नाही. करमाळ्याचे देवचंद शहा, पुढचे समंतभद्र महाराज, यांनी १९१८ मध्ये कारंज्याला महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला, नंतर कुंभोज-बाहुबलीचे गुरुकुल उभे केले. त्यागी माणसावरच्या विश्वासातून आलेला पैसा तिथे मुलांच्या शिक्षणाला लागला.

अडचण येते ती मागे राहणाऱ्यांपाशी. २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका श्रीमंत तरुण दाम्पत्याने लहानग्या मुलीला मागे ठेवून दीक्षा घ्यायचे ठरवले तेव्हा देशभर वाद झाला, तक्रार बालहक्क आयोगापर्यंत गेली. अल्पवयीनांच्या दीक्षेचा वाद याहून जुना. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने १९३३ मध्येच तिला कायद्याने बंदी घातली होती.

न्यायालये कथेकऱ्यांपेक्षा रोखठोक प्रश्न विचारतात. विधिपूर्वक संन्यास घेणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मृत्यू, घरच्या मिळकतीवरचा हक्क तिथे संपतो आणि वारसांचा सुरू होतो. मात्र भगवे नेसले, बुवा म्हणवून घेतले, एवढ्याने भागत नाही, विधी पुरे झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने संसार सोडून धार्मिक संघात प्रवेश करणे हे घटस्फोटाचे कारण आहे. कमळाइसेला नसलेली वाट आज आहे.

वारसाहक्काच्या कायद्यांच्या आधाराने आणखी एक त्याग मराठवाड्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत रोज चालतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. तेव्हापासून वडील गेले की बहिणींना बोलावणे जाते, साडी-चोळी होते आणि भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. फेरफार होतो, सातबाऱ्यावरून नाव उतरते. माहेर तुटू नये म्हणून सही करणाऱ्या या बायकांची त्यागी म्हणून कुठे नोंद नाही. पण किती जमीन, कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली, याचा तपशील तलाठ्याच्या दप्तरात गटनंबरासह पाहायला मिळतो. नेमगिरीच्या राजपुत्रांच्या बाबतीत तेवढाही मिळत नाही.